मराठी कीबोर्डाशेजारी ई-पेपरची पाटी: घरच्या घरी कशी बसवायची

अंबाजोगाई, उदगीर, वसमत, परतूर, कुठल्याही तहसीलच्या आवारात जा. ऑनलाइन सेंटरच्या कीबोर्डवर दोनपैकी एक गोष्ट दिसतेच. एकतर ‘ए’ आणि ‘ई’ पार पुसून बटणं गुळगुळीत झालेली असतात, नाहीतर वर मराठी अक्षरांचे स्टिकर डकवलेले असतात आणि त्यातले निम्मे मे महिन्याच्या घामाने सरकलेले. स्टिकर बरे, पण ते एकाच लेआउटचे, म्हणजे अक्षरांच्या एकाच मांडणीचे. सकाळी बसणाऱ्या पोराला इनस्क्रिप्ट हा सरकारी लेआउट येतो, दुपारी येणाऱ्या ताई टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन लेआउटवर हात बसवून आल्या आहेत, आणि मालक इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी काढतो. मशिन एक, माणसं तीन. बटणावरचं अक्षर बदलता आलं असतं तर किती बरं, हा विचार इथेच सुचतो.

तो पूर्वीही सुचला आहे. मॉस्कोच्या आर्टेमी लेबेदेव स्टुडिओने ऑप्टिमस मॅक्सिमस नावाचा कीबोर्ड २००८ च्या सुमारास बाजारात आणला. त्यात ११३ बटणं आणि प्रत्येक बटणात ४८ बाय ४८ ठिपक्यांचा ओएलईडी पडदा. किंमत दीड हजार डॉलरच्या वर. २००९ मध्ये सॅमसंगच्या एलियास २ या फोनला ई-इंकची, म्हणजे ई-पेपरचीच, बटणं होती: फोन उभा उघडला की आकडे, आडवा उघडला की इंग्रजी अक्षरं. २०१८ च्या लेनोव्हो योगा बुक सी९३० मध्ये तर कीबोर्डच्या जागी अख्खा ई-इंकचा पडदाच होता. दिसायला देखणा, पण बोटाखाली काच. दिवसाला चाळीस अर्ज टाइप करणाऱ्याने काचेवर बोटं आपटत बसायचं म्हणजे शिक्षाच. स्ट्रीम डेकसारख्या पाटीत बटणं खरीखुरी असतात आणि त्याखाली रंगीत एलसीडी असतो, पण बटणं मोजकीच. पूर्ण वर्णमाला त्यात मावत नाही.

माझं मत सरळ आहे. बटणं जशी आहेत तशी राहू द्या. चारपाचशे रुपयांचा कीबोर्ड खराब झाला की नवा आणता येतो. अक्षरांचा तक्ता वेगळ्या ई-पेपर पाटीवर घ्या आणि ती पाटी मॉनिटरच्या खालच्या कडेला उभी करा. नजर बटणांकडे खाली न जाता समोर राहते, आणि टायपिंगचे सर ज्यासाठी पट्टी मारत ते आपोआप साधतं. खालची सगळी कृती अशाच पाटीची आहे. सोल्डरिंग जवळपास नाही. प्रोग्रामिंग आहे, पण तयार नमुन्यात फेरफार करण्यापुरतं.

ई-पेपरच का

पडद्याच्या आत केसाच्या जाडीच्या आसपासच्या सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, त्यात पांढरे आणि काळे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. मागून व्होल्टेज दिलं की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाला जातात. व्होल्टेज काढून घेतलं तरी कण आहेत तिथेच राहतात. म्हणून चित्र बदलतानाच वीज लागते, टिकवायला लागत नाही. लाइट गेली, इन्व्हर्टर दमला, तरी तक्ता समोर तसाच. स्वतःचा उजेड नसल्याने पत्र्याच्या शेडच्या दारातून थेट ऊन आलं तरी अक्षर पुसट होत नाही, उलट जास्त उठून दिसतं. हे तंत्र घेऊन १९९७ मध्ये एमआयटीच्या मंडळींनी ई इंक कंपनी काढली. आपल्याकडे अनेकांनी ते पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा २००६ च्या मोटोफोन एफ३ मध्ये. तो स्वस्त फोन भारतात विकला गेला होता आणि भर उन्हात त्याचा पडदा लख्ख दिसायचा.

तोटा एकच, पण मोठा: चित्र बदलायला वेळ लागतो. कीबोर्डचा तक्ता दिवसातून पाचसहा वेळा बदलणार, त्यामुळे आपल्याला तो तोटा जाणवतच नाही. शिफ्ट दाबल्याक्षणी तक्ता बदलावा अशी हौस मात्र सोडून द्या. शिफ्टची अक्षरं त्याच चौकटीत वर छोटी दाखवायची.

पडदा कोणता घ्यावा

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. बाजारात २.९ इंच, ४.२ इंच आणि ७.५ इंच हे आकार सहज मिळतात. २.९ इंचीत २९६ बाय १२८ ठिपके असतात. चार ओळींचा कीबोर्ड त्यात बसवला तर शिफ्टच्या अक्षराला जागाच उरत नाही. ७.५ इंची, ८०० बाय ४८० ठिपक्यांचा पडदा सुंदर, पण महाग आणि मॉनिटरसमोर अडचणीचा. आपल्या कामाला ४.२ इंची, ४०० बाय ३०० ठिपक्यांचा बरोबर आहे. दिसणारा भाग साधारण ८५ बाय ६४ मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला पावणेपाच ठिपके.

रंगाचा मोह टाळा. काळा-पांढरा-लाल पडदा दिसायला छान, स्वर लाल आणि व्यंजनं काळी करता येतील असं वाटतं. पण तो एकदा बदलायला पंधरा सेकंदांच्या आसपास घेतो आणि तेवढा वेळ लुकलुकत राहतो. काळा-पांढरा तीनचार सेकंदांत मोकळा होतो. दुसरं कारण आपल्या हवेचं. माहितीपत्रकात काळ्या-पांढऱ्या पडद्याची चालण्याची मर्यादा सहसा शून्य ते पन्नास अंश दिलेली असते, तीन रंगी पडद्याची शून्य ते चाळीस. मे महिन्यात नांदेड-परभणीला पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. पुण्यातल्या एसीत बसून लिहिलेल्या लेखात हा मुद्दा तुम्हाला सापडणार नाही.

आणखी एक सावधगिरी. हौशी लोकांच्या छोट्या कीबोर्डवर जे कागदासारखे दिसणारे पडदे असतात, त्यातले बरेच शार्प कंपनीच्या मेमरी एलसीडीचे असतात. तेही कमी वीज खातात आणि झटपट बदलतात, पण वीज तोडली की कोरे होतात. विकणाऱ्याने ‘ई-पेपरसारखा’ असं लिहिलं असेल तर ‘सारखा’वर बोट ठेवा.

सामान

४.२ इंची काळा-पांढरा ई-पेपर मॉड्यूल, मागे छोटं सर्किट बोर्ड जोडलेलं. नुसतं पॅनेल स्वस्त मिळतं, पण त्याला वेगळं ड्रायव्हर बोर्ड लागतं, म्हणून पहिल्यांदा मॉड्यूलच घ्या. ईएसपी३२ चं साधं डेव्हलपमेंट बोर्ड, ‘वरूम’ प्रकारचं. ईएसपी३२ म्हणजे आपला प्रोग्राम चालवणारा छोटा कंट्रोलर. ‘रोव्हर’ प्रकार नको, त्यात आपल्याला लागणाऱ्या दोन पिना आतल्या मेमरीने अडवलेल्या असतात. तीन पुशबटणं, जोडवायरी आणि डेटा जाणारी यूएसबी केबल. फक्त चार्जिंगची केबल चालत नाही. बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नाही अशी तक्रार आली की मी आधी केबल बदलायला सांगतो.

आधी तक्ता, मग तारा

लोक आधी तारा जोडतात आणि पडद्यावर इंग्रजी ‘हॅलो’ आलं की खूश होतात. मग मराठी लिहायला जातात आणि तिथे गाडी अडते. छोट्या कंट्रोलरवरच्या चित्रलायब्रऱ्यांना देवनागरी जुळवता येत नाही. त्या अक्षरं एकापुढे एक नुसती ठेवत जातात. ‘हिंगोली’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये आधी ‘ह’ साठवला जातो, मग पहिली वेलांटी, मग अनुस्वार. दाखवताना वेलांटी ‘ह’च्या आधी यायला हवी. हे काम मोठ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आणि जुळणी करणारं इंजिन मिळून करतं. ईएसपी३२ वर ते नसतं, म्हणून वेलांटी ‘ह’च्या मागे लोंबकळते. ‘क्ष’, ‘ज्ञ’, रफार यांचं तर विचारूच नका.

उपाय सोपा. कंट्रोलरकडून काही लिहूनच घ्यायचं नाही. पूर्ण तक्ता कॉम्प्युटरवर चित्र म्हणून बनवायचा आणि ते तयार चित्र पाटीत भरायचं. ४०० बाय ३०० ठिपके, प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, म्हणजे एका तक्त्याला १५,००० बाइट. तीन तक्ते ४५ हजारांत बसतात आणि बोर्डवर सहसा चार एमबी जागा असते.

तक्त्यासाठी इंटरनेटवरून कुणाचं तरी चित्र उचलू नका. आपल्या मशिनवर कुठलं बटण काय उमटवतं तेच खरं. विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमधून मराठी जोडा, विंडोज आणि स्पेसबार दाबून मराठीवर या, मग विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. अक्षरं दिसतील. शिफ्ट दाबली की वरची अक्षरं दिसतील. दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. वरच्या ओळीत अंक देवनागरी उमटतात की इंग्रजी, हेही प्रत्यक्ष टाइप करून बघा.

इनस्क्रिप्टची रचना डोक्यात असली तर चूक लगेच कळते. स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘के’वर क, शिफ्टसह ख. ‘आय’वर ग, शिफ्टसह घ. ‘डी’वर हलन्त, ‘एफ’वर पहिली वेलांटी, ‘जे’वर र. ‘हिंगोली’साठी यू, एफ, एक्स, आय, ए, एन, आर. तक्ता झाला की एक शब्द हमखास तपासा, कारण आपल्याकडच्या अर्जांत तो दिवसभर येतो: ‘शेतकऱ्यांना’. शिफ्ट-एम, एस, एल, के, मग शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई, एक्स, व्ही, ई. यातला शिफ्ट-जे म्हणजे ‘ऱ’. तो तक्त्यात ठळक असू द्या. नवशिके साधा ‘र’ घेतात, मग ‘शेतकर्यांना’ असा रफार चढतो आणि अर्ज तसाच साहेबांच्या टेबलावर जातो.

रेमिंग्टनचा तक्ता बनवणं जास्त किचकट आहे. त्यात अर्धी अक्षरं वेगळ्या बटणांवर असतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी मारायची असते, आणि सॉफ्टवेअरप्रमाणे काही बटणं इकडची तिकडे होतात. इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलीलाच शेजारी बसवा, एकेक बटण दाबून लिहून घ्या. हे काम तासाभराचं आहे आणि त्याला आडवाट नाही.

आता चित्र. जिम्प किंवा लिबरऑफिस ड्रॉ, जे हाताशी असेल ते उघडा आणि कोरा कागद ४०० बाय ३०० ठिपक्यांचा घ्या. प्रत्येक ओळीला ७५ ठिपके उंची आणि प्रत्येक बटणाला २७ ठिपके रुंदी. अंकांची ओळ डावीकडून शून्यावर सुरू करा, क्यूची ओळ ४० व्या ठिपक्यावर, एची ४७ व्या, झेडची ६१ व्या. खऱ्या कीबोर्डवर ओळी जशा तिरक्या सरकलेल्या असतात तशाच इथेही आल्या पाहिजेत. सगळं सरळ चौकटीत मांडलं तर डोळ्याला जागा सापडते, पण बोट भलतीकडेच जातं.

चौकटीत खाली मूळ अक्षर २४ ते २६ ठिपक्यांचं, वर शिफ्टचं अक्षर १८ च्या आसपास. २५ ठिपके म्हणजे पाच मिलिमीटरहून किंचित जास्त, मॉनिटरपाशी ठेवलं तरी वाचता येतं. ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ रुंद असतात, त्यांचा आकार एखाद्या पायरीने कमी करावा लागेल. ‘टी’ आणि ‘वाय’, ‘जी’ आणि ‘एच’, ‘बी’ आणि ‘एन’ यांच्या मधून जाड रेघ ओढा, म्हणजे डाव्या-उजव्या हाताची वाटणी दिसते. ‘एफ’ आणि ‘जे’च्या चौकटीला दुहेरी किनार द्या, कारण तिथे बटणांवरही उंचवटा असतो.

फॉन्ट जाडच घ्या. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरीचं बोल्ड वळण चालतं. बारीक रेघा काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करताना तुटतात आणि ‘घ’ आणि ‘ध’ एकसारखे दिसायला लागतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात ना, तेही बघून घ्या.

नुसती मात्रा टाइप केली की तिच्याभोवती ठिपक्यांचं वर्तुळ येतं. एवढ्या छोट्या चौकटीत ते वर्तुळच जास्त दिसतं आणि मात्रा हरवते. मात्रेच्या आधी न तुटणारी स्पेस टाकली तर बऱ्याच फॉन्टांत वर्तुळ जातं. ती युनिकोडमध्ये ००ए० क्रमांकावर आहे. तरीही नाही गेलं तर चित्रात खोडरबराने पुसा, इतकं शास्त्र करायची गरज नाही.

पायथनमधून चित्र काढणाऱ्यांनी पिलो लायब्ररीत ‘राक्म’ची, म्हणजे जोडाक्षरं जुळवणाऱ्या भागाची, जोड चालू आहे का, ते आधी तपासावं. ती नसेल तर तिथेही जोडाक्षरं मोडतात आणि दोष फॉन्टला दिला जातो.

शेवटी चित्र एक-बिट काळ्या-पांढऱ्यात बदला. तिथे डिदरिंग, म्हणजे करडा रंग ठिपक्यांनी भासवण्याची सोय, बंद ठेवा, नाहीतर अक्षरांच्या कडांना मुंग्या लागल्यासारखे ठिपके येतात. मग इमेज२सीपीपी नावाचं मोफत साधन उघडून चित्र टाका. ते चित्राचे आकडे करून देतं, तेवढे कॉपी करून ठेवा. इंग्रजी, इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन अशा तीन फायली झाल्या की अवघड काम संपलं.

तारा

मॉड्यूलवर आठ पिना असतात. व्हीसीसी ३.३ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला. पाच व्होल्टच्या पिनेच्या नादी लागू नका. डीआयएन २३ ला, क्लॉक १८ ला, सीएस ५ ला, डीसी १७ ला, रीसेट १६ ला, बिझी ४ ला. तीन पुशबटणांचं एकेक टोक ३२, ३३ आणि २५ ला, दुसरं टोक सगळ्यांचं ग्राउंडला. वेगळे रेझिस्टर लागत नाहीत, बोर्डच्या आतले पुलअप प्रोग्राममधून चालू होतात.

पडद्यातून निघणारी पातळ पिवळसर रिबन हा या सगळ्यातला नाजूक भाग. ती दुमडायची नाही, तिच्यावर स्क्रू घासू द्यायचा नाही, आणि पडदा उचलताना तिला धरायचं नाही. रिबनला चीर गेली की पडद्यावर उभ्या रेघा येतात आणि त्या कायमच्याच.

प्रोग्राम

आर्डुइनो आयडीई या प्रोग्राम लिहून बोर्डात भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ईएसपी३२ चं बोर्ड पॅकेज आणि जीएक्सईपीडी२ ही लायब्ररी बसवा. लायब्ररीसोबतचा नमुना उघडा आणि त्यात आपल्या पॅनेलचं नाव निवडा. इथे बरेच जण अडकतात. ४.२ इंची पॅनेलच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीत आतली चिप वेगळी आहे आणि लायब्ररीत दोघांची नावं वेगळी आहेत. मॉड्यूलच्या पाठीवर आवृत्तीचं लेबल असतं, ते वाचूनच नाव निवडा. नाव चुकलं तर पडदा कोरा राहतो किंवा त्यावर चिखल उमटतो. माल खराब आहे म्हणून परत पाठवायच्या आधी दुसरं नाव घालून बघा.

मग नमुन्यात तीन चित्रांचे आकडे चिकटवा. प्रोग्रामला एवढंच करायचं असतं: बटण दाबलं का ते बघ, दाबलेलं बटण आत्ता दिसतंय त्याच तक्त्याचं असेल तर काही करू नको, वेगळं असेल तर पूर्ण पडदा नव्याने उमटव आणि लगेच पडद्याला झोपव. झोपवण्याची आज्ञा विसरू नका. लायब्ररीत तिचं नाव हायबरनेट आहे. ती दिली नाही तर पडद्यावर व्होल्टेज चढलेलं राहतं आणि कालांतराने पॅनेल कामातून जातं. वायफाय चालूच करू नका, त्याचं इथे काही काम नाही.

अर्धवट रिफ्रेशची सोय बहुतेक पॅनेलना असते, पण आपण पूर्ण रिफ्रेशच वापरायचं. अर्धवट बदलात मागच्या तक्त्याची सावली राहते. इनस्क्रिप्टच्या ‘प’मागे रेमिंग्टनचं भूत दिसायला लागलं तर पाटीचा उपयोग काय? बनवणारे दोन पूर्ण रिफ्रेशमध्ये किमान तीन मिनिटांचं अंतर ठेवायला सांगतात, म्हणून पोरांना बटणं दाबून खेळू देऊ नका. चोवीस तासांत एकदा तरी रिफ्रेश करा असंही ते सांगतात. सकाळी मशिन सुरू झालं की एक ठरलेला तक्ता उमटावा, एवढी ओळ प्रोग्रामच्या सुरुवातीला घातली की तेही भागतं.

बसवणं

कॉम्प्युटरच्या यूएसबीवर पाटी चालते, वेगळा अ‍ॅडॉप्टर नको. चौकट सनमायका, अ‍ॅक्रिलिक किंवा जाड पुठ्ठा, कशाचीही करा. पडदा थोडा मागे कललेला ठेवा आणि समोर पातळ पारदर्शक शीट लावा. आपल्याकडे उन्हाळ्यात टेबलावर रोज धुळीचा थर बसतो आणि फडक्याने कोरडा पडदा घासला की ओरखडे पडतात. पाटी दारासमोर थेट उन्हात ठेवू नका. ऊन पडल्यावर दिसतं छान, पण ऊन रोज खात राहिलं तर पडदा लवकर म्हातारा होतो. मॉनिटरची गरम हवा जिथून निघते ती जागाही टाळा.

पुशबटणांवर नावं लिहिताना ‘इनस्क्रिप्ट’ आणि ‘रेमिंग्टन’ असं लिहिण्यापेक्षा माणसांची नावं लिहिली तर सेंटरमध्ये ते जास्त चालतं. एक गोष्ट सगळ्यांना आधीच सांगून ठेवा: पाटीवरचं बटण फक्त तक्ता बदलतं, कॉम्प्युटरची भाषा बदलत नाही. ती विंडोज आणि स्पेसबारनेच बदलायची. रेमिंग्टनवाल्यांनी आपलं सॉफ्टवेअर स्वतः चालू करायचं. दोन्ही एकाच बटणावर हवं असेल तर ईएसपी३२-एस३ चं बोर्ड घ्यावं लागेल. ते यूएसबीवरून स्वतःच कीबोर्ड म्हणून ओळख देऊन विंडोज-स्पेस पाठवू शकतं. तो प्रोग्राम थोडा वाढतो, पण पाटी एकदा नीट चालली की मगच त्यात हात घाला.

सेंटर दिवाळीला आठ-दहा दिवस बंद राहणार असेल तर जाण्याआधी पडदा पूर्ण पांढरा करून ठेवा. त्यासाठी चौथं बटण लावायची गरज नाही. पहिली दोन बटणं एकदम दाबली की पांढरा, असं प्रोग्राममध्येच लिहून टाका.